पानिपतापुढचा फाटा : कुमारांसाठी जर-तरचा इतिहास

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला येतात आणि स्टेशनाबाहेर पडताच थबकतात. समोर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय दिमाखात उभं असतं. जी कंपनी १८५७ नंतर गुंडाळली गेली असं ते जन्मभर शिकवत आले, ती इथे कारभार करते आहे. पंत गोंधळतात, पण हाडाचे अभ्यासक असल्याने तडक टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेले भारताच्या इतिहासाचे खंड मागवतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड ओळखीचे निघतात. पाचव्यात मात्र १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावाला लागायची गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळाच घडतो.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचलेला मराठी वाचक ती विसरत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून, नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञानकथेला जे दिलं, त्यात ही कथा फार वरच्या जागी आहे. तिचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ पुस्तकात आहे. धुळ्याच्या एखाद्या केंद्रीय मंडळाच्या शाळेतली सोळा वर्षांची मुलगी पानिपताचा हा पर्यायी निकाल वाचते तो इंग्रजीच्या तासाला, परीक्षेतल्या प्रश्नांसाठी. मूळ मराठी कथा तिच्या हातात कुणी ठेवली तर ठेवली. एका मराठी कथेने सबंध देशाच्या किशोरवयीन वाचकांना ‘असं झालं असतं तर’ हा खेळ शिकवला, आणि मराठीत मात्र कुमार वाचकांसाठी त्या खेळाचा डाव पुढे फारसा कुणी मांडला नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. या बाजूकडे पाहण्याचं काम अजून बाकी आहे.

ही कथा इतकी जमली कशी, ते आधी पाहायला हवं. लेखकाने इतिहासातली एकच गोष्ट बदलली आणि तीही अगदी छोटी. गोळी दोन बोटं इकडे गेली, एवढंच. बाकी माणसं, फौजा, स्वभाव, सगळं जसंच्या तसं ठेवलं. जिंकल्यानंतरचं जगही त्यांनी गोडगुलाबी केलं नाही. त्या जगात मुंबईत इंग्रज आहेतच. आझाद मैदानावर सभा भरलेली असते, पण अध्यक्षांची खुर्ची रिकामी. गंगाधरपंत सवयीने त्या खुर्चीत जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात, तेव्हा भाषणांना विटलेला जमाव त्यांना पळता भुई थोडी करतो. खिशात राहून गेलेलं बखरीचं एक पान तेवढं त्या जगाचा पुरावा म्हणून उरतं. शेवटी राजेंद्र देशपांडे हा मित्र गणितातला कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत आणि क्वांटम विज्ञानातली अनिश्चितता यांच्या आधारे सगळ्याची संगती लावतो. इतिहास, विज्ञान आणि गंमत तिन्ही एकमेकांना धरून चालतात. वाचणाऱ्या मुलाला पानिपताचा खरा निकाल नीट ठाऊक नसेल तर ही कथा कळतच नाही. म्हणून ती वाचल्यावर मूल खरा इतिहास शोधायला जातं.

‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ हे वाक्य आपल्याकडे वर्गात, व्याख्यानात, वादात हमखास फेकलं जातं. इतिहास लिहिणाऱ्याने ते पाळावं. गोष्ट लिहिणाऱ्याने का पाळावं?

मराठीत इतिहासावर रचलेल्या गोष्टींचा दुष्काळ कधीच नव्हता. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि तिच्यातला गड कल्पनेतला आहे. काळ शिवाजी महाराजांचा, रीतिभाती त्या काळाच्या, पण किल्ला लेखकाने स्वतः बांधलेला. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पायाच मुळी कल्पनेने रचलेल्या तटावर उभा राहिला. पुढे हरि नारायण आपट्यांनी ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहून या प्रकाराला वजन दिलं.

अद्भुताची बाजू सांभाळली ती दुसऱ्यांनी. द्वारकानाथ माधव पितळे म्हणजे नाथमाधव हे शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडले, दोन्ही पाय निकामी झाले आणि अंथरुणावर वाचता वाचता लेखक झाले. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासूनची त्यांची स्वराज्यमाला पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचली, पण वाचनालयात फाटेपर्यंत फिरली ती १९१३ मधली ‘वीरधवल’. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा साचा घेऊन ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या रचल्या. भुयारं, गुप्त दारं, तोतये, शपथा आणि मागे कुठल्या तरी राजवटीचा पडदा. आज ज्याला ऐतिहासिक फँटसी म्हणून इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात वेगळी फळी असते, तो माल मराठी मुलं शंभर वर्षांपूर्वी चवीने वाचत होती. समीक्षकांनी त्याला रंजक म्हणून बाजूला सारलं, आणि सारताना त्याच्यातलं मुलांना वाचायला लावण्याचं सामर्थ्यही बाजूला पडलं. हे नुकसान मोठं आहे.

स्वातंत्र्यानंतर मुलं मोठ्यांच्याच ऐतिहासिक कादंबऱ्या वाचू लागली. गो. नी. दांडेकरांची ‘हरहर महादेव’ आणि ‘झुंजार माची’, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंतांची ‘छावा’, विश्वास पाटलांची ‘पानिपत’. नववी-दहावीच्या सुट्टीत यातलं निदान एक पुस्तक वाचून काढणं हा मराठी घरांतला जणू संस्कारच होता. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून मुलांना चंद्रावर आणि समुद्राच्या तळाशी नेलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. एवढी सगळी वाचनाची व्यवस्था असताना भूतकाळाकडे मुलांना नेलं गेलं ते दर्शनाला. हात जोडायचे, डोळे भरायचे आणि परत यायचं. तिथे उभं राहून प्रश्न विचारायची मुभा त्यांना क्वचित मिळाली.

गंमत अशी की पर्यायी इतिहासाची हौस मराठी समाजाला पानिपतानंतर लगेचच लागली होती. सदाशिवरावभाऊ रणात पडले हे मान्य करायला पुष्कळांचं मन तयार नव्हतं. भाऊ जिवंत आहेत, परत येतील, या आशेवर एक तोतया उभा राहिला, त्याने माणसं जमवली, किल्ले घेतले आणि पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडवली. अखेर १७७६ मध्ये त्याला पकडून मारण्यात आलं. न. चिं. केळकरांनी पुढे या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. पराभवानंतर पंधरा वर्षं हजारो माणसं एका न घडलेल्या इतिहासावर विश्वास ठेवून होती. कुमार वाचकासाठी याहून थरारक विषय कुठला असेल? तोतयाच्या छावणीत शिरलेला एक चौदा वर्षांचा मुलगा, ज्याचा बाप पानिपतावरून परतला नाही. तो कुणावर विश्वास ठेवील?

बाहेरच्या जगात हा प्रकार जुना आहे. सिकंदर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार लिव्ही या रोमन इतिहासकाराने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात केला होता. पण मुलांसाठी त्याचा मुद्दाम वापर झाला तो विसाव्या शतकात. १९६२ हे साल त्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगं. त्या वर्षी फिलिप डिक यांची दुसरं महायुद्ध जर्मनी-जपानने जिंकल्याचं कल्पिणारी ‘द मॅन इन द हाय कॅसल’ आली. त्याच वर्षी जोन एकन यांची मुलांसाठीची ‘द वुल्व्ज ऑफ विलोबी चेस’ आली. तिच्यात इंग्लंडच्या गादीवर तिसरा जेम्स आहे, जो खऱ्या इतिहासात कधी बसलाच नाही. आणि मराठीत त्याच वर्षी ‘स्वामी’ आली. नंतरच्या काळात फिलिप पुलमन यांनी ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये दुसरंच ऑक्सफर्ड उभं केलं. मॅलरी ब्लॅकमन यांनी ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये काळ्या लोकांना सत्ताधारी आणि गोऱ्यांना दबलेले दाखवून वर्णभेदाचा प्रश्न कोवळ्या वयाच्या वाचकांपुढे उलटा करून ठेवला. स्कॉट वेस्टरफेल्ड यांनी ‘लेव्हायथन’मध्ये पहिल्या महायुद्धात यंत्रं आणि जनुकांतून घडवलेले प्राणी आमनेसामने आणले, आणि पुस्तकाच्या शेवटी यातलं खरं किती व रचलेलं किती ते मुलांना स्वच्छ सांगितलं. ही शेवटची पद्धत मराठीने डोळे मिटून उचलावी.

‘स्वामी’च्या उल्लेखावरून एक गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते. तिचा नायक थोरला माधवराव पेशवा झाला तेव्हा १६ वर्षांचा होता. पानिपतावर पडलेला विश्वासराव विशीच्या आतला. लढाईनंतर पकडून मारलेला जनकोजी शिंदे त्याच्याहून लहान. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला तेव्हा त्यांचंही वय सोळाच्या आसपास. मराठ्यांच्या इतिहासातली कितीतरी वळणं अशा मुलांच्या खांद्यावर आली जी आज अकरावी-बारावीत असती. आपल्या कादंबऱ्या मात्र त्यांना पन्नाशीच्या पुरुषांसारखं बोलायला लावतात. त्या वयाची घाई, भीती, हट्ट, मैत्री, आईची आठवण यांतलं काही उरत नाही. कुमारांसाठी लिहिणाऱ्याने फक्त वय खरं धरलं तरी पुस्तक निराळं होईल.

आता धुळ्याकडे यायला हवं, कारण पानिपताच्या जर-तरची किल्ली याच गावात आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये छापला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे नेमकी पानिपताच्या वाटेवरची. सोबतच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी पराभवाची कारणं मांडली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पाठोपाठ १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. शहरात समर्थ वाग्देवता मंदिरही आहे, जिथे नानासाहेब देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमवलेली रामदासी हस्तलिखितं जपली आहेत. कागदांची एवढी श्रीमंती असलेली गावं महाराष्ट्रात मोजकीच. कथाकारासाठी ही नुसती अभ्यासाची जागा नाही. एकेका पत्रात एकेक फाटा दडलेला आहे.

उदाहरणार्थ, गोळीपेक्षाही भक्कम फाटा धान्याचा आहे. पानिपतावर मराठी फौज उपाशीपोटी लढली. गोविंदपंत बुंदेल्यांकडून यायची रसद पुरेशी आली नाही आणि १७६० च्या डिसेंबरात ते स्वतःच अफगाणांच्या छाप्यात मारले गेले. राजवाड्यांनी गोविंदपंतांना आणि मल्हारराव होळकरांना बोल लावला, पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत १७६१’मध्ये अशा मतांची पुन्हा कसून झडती घेतली. मल्हारराव तर खानदेशातच, तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे लहानाचे मोठे झालेले. पानिपतावरून ते जिवंत परतले आणि तेव्हापासून आजवर त्यांच्यावर फिर्याद चालूच आहे. ती रसद वेळेवर पोचली असती तर? असा प्रश्न घेऊन लिहिणाऱ्याला बैलांचे तांडे, बंजारे, नद्यांचे उतार, हुंड्या, सावकार हे सगळं नीट समजून घ्यावं लागेल, आणि वाचणाऱ्या मुलाच्या पदरात लढाईचं खरं अर्थशास्त्र पडेल. भाऊंची फौज उत्तरेकडे गेली तीही बऱ्हाणपुरावरूनच, म्हणजे जुन्या खानदेशाच्या राजधानीवरून.

खुद्द धुळे शहर हा एका पराभवाचा परिणाम आहे, हे इथल्या मुलांना कुणी सांगतं का? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९ मध्ये ठाण्यासाठी धुळे निवडलं. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. ब्रिग्ज यांनी आखीव पेठ वसवली, बऱ्हाणपुराहून व्यापाऱ्यांना बोलावलं, घरं बांधायला उसनवार पैसे दिले. जुनं धुळे आणि नवी आखीव वस्ती यांतला फरक आजही पायी फिरणाऱ्याला कळतो, आणि इथल्या गल्ल्या नावांपेक्षा नंबरांनी ओळखल्या जातात. पेशवाई टिकली असती तर खानदेशचं मुख्य ठाणं बऱ्हाणपूर राहिलं असतं, की थाळनेर, की नंदुरबार? धुळ्यात, पांझरा नदीच्या काठी, आज काय असतं? आपल्याच गल्लीवर हा प्रयोग करून पाहणाऱ्या मुलाला नगररचना, व्यापार आणि सत्ता यांचं नातं एका दुपारी उमगेल.

थाळनेरचा प्रसंग तर कथेसाठी आयता आहे. शिरपूर तालुक्यातला तापीकाठचा हा किल्ला २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेने घेतला. दिंडी दरवाजापाशी शरणागतीची बोलणी चालली होती. दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं नीट कळलं नाही, झटापट झाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग किल्ल्यातली शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिलं गेलं. त्या दिंडीपाशी दोन्ही भाषा जाणणारं कुणी असतं तर? व्यापाऱ्याच्या घरची तेरा वर्षांची मुलगी, जी बापाच्या पेढीवर बसून इंग्रजांच्या शिपायांची हिंदुस्थानी आणि घरची अहिराणी सारख्याच सफाईने बोलते, तिच्याभोवती एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते. जगाचा इतिहास तिने बदलायला नको. काहीशे माणसांचा जीव वाचला तरी पुरे.

त्याहून मागे गेलं की खानदेश आणखी गहिरा होतो. बऱ्हाणपुराजवळचा अशीरगड हा किल्ला मुळात आसा अहिराचा. फारुकी घराण्याच्या नसीरखानाने आपल्या बायकामुलांना आसरा हवा म्हणून डोल्या धाडल्या आणि त्यांतून सैनिक उतरले, अशी हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते, घराजवळच्या डोल्यांची नसते. पुढे १६०१ च्या जानेवारीत तोच गड अकबराने घेतला आणि फारुकी राज्य संपलं. गड कसा पडला, याबद्दल अबुल फजल रोगराईकडे बोट दाखवतो, तर जेझुइट पाद्री दगाफटका आणि लाचेची कथा सांगतात. एकाच घटनेच्या दोन साक्षी, दोन्ही समकालीन. पर्यायी इतिहास लिहू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही, कारण इथे ‘खरं काय झालं’ यालाच दोन फाटे आहेत.

अद्भुताकडे कल असलेल्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, इ. स. १२०७ च्या सुमाराचा. डोंगराच्या कुशीत, देवीच्या देवळापाशी, गणित आणि ज्योतिष शिकवण्यासाठी दिलेलं दान! तो मठ चालतच राहिला असता, तिथल्या शिष्यांनी आकाशाकडे पाहत राहून आणखी तीनशे वर्षं गणितं मांडली असती, तर १६०० सालचा खानदेश कसा दिसला असता? यात जादू घालायची तर घालता येईल. पण जादूपेक्षा शून्य आणि अनंत यांची खरी ओढच वाचकाला पुरेशी भारून टाकील.

सातपुड्याकडे पाहिलं की प्रश्नाची जातच बदलते. सेंधव्याच्या घाटाची राखण केलेल्या खाज्या नाईकांनी १८५७ च्या नोव्हेंबरात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत भिल्लांनी इंग्रज फौजेला तोंड दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे निघाले. पेशव्यांच्या नावाने दख्खन पेटेल, ही इंग्रजांची धास्ती होती. तात्यांना खानदेशात उतरता आलं नाही, ते पश्चिमेकडे वळले. उतरले असते आणि खाज्या नाईकांची माणसं त्यांना मिळाली असती तर? पण इथेच लेखकाची खरी कसोटी आहे. त्या विजयानंतर भिल्लांच्या वाट्याला काय आलं असतं? पेशवाईच्या पडत्या काळातही भिल्लांवर कमी जुलूम झाले नव्हते. म्हणजे हा फाटा प्रामाणिकपणे चालायचा तर पुण्याच्या वाड्याऐवजी पालातून, पाड्यातून चालावा लागेल. बाबा भांडांनी ‘तंट्या’ कादंबरीत अशा नायकाला मराठी वाचकांपुढे आणलं. कुमारांसाठी हे काम मोकळंच पडलं आहे, आणि ते पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या लेखकांनी केलं तर त्याला वेगळंच बळ येईल.

काही जागांना मात्र हात लावताना थांबावं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये गोळीबारात पडलेला शिरीषकुमार मेहता १५ वर्षांचा होता. त्याच्यासोबत आणखी कोवळी मुलं गेली. ही गोळीही ‘कानाजवळून’ नेण्याचा मोह होईल, तो टाळावा. त्या मुलाने झेंडा खाली न ठेवण्याचं जे ठरवलं, त्याची किंमत गोष्टीतल्या चमत्काराने पुसली जाते. त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मित्राची गोष्ट लिहावी. किंवा १४ एप्रिल १९४४ ची चिमठाण्याची खजिन्याची लूट घ्यावी, जिथे क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी पैसा पळवला. तिथे योजना आहे, वेशांतर आहे, पाठलाग आहे, आणि फसली असती तर काय झालं असतं, याला पूर्ण वाव आहे.

मराठीत हे सगळं अजून का झालं नाही? पहिलं कारण भीती. इतिहासातल्या व्यक्तींबद्दल आपल्याकडे भावना लवकर दुखावतात. २००४ च्या जानेवारीत पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला लेखक-प्रकाशक विसरलेले नाहीत. दुसरं कारण जास्त खोल आहे. आपला ‘असं झालं असतं तर’ बहुतेकदा ‘आपण जिंकलो असतो तर’ एवढ्यावर थांबतो. जिंकल्याच्या स्वप्नात कुणाला प्रश्न पडत नाहीत, म्हणून गोष्ट पुढे सरकत नाही. नंदा खरे यांनी ‘अंताजीची बखर’ आणि ‘बखर अंतकाळाची’ या कादंबऱ्यांत एका काल्पनिक सामान्य माणसाला अठराव्या शतकात सोडून दिलं आणि पेशवाईचं वैभव, लूट आणि ऱ्हास त्याच्या नजरेने दाखवला. इतिहास न बदलताही इतिहासाकडे बघण्याची जागा बदलता येते, हे त्यांनी सिद्ध केलं. थोरल्या मुलांच्या हाती ही पुस्तकं जरूर द्यावीत.

बाजारात मागणी नाही असंही म्हणता येत नाही. अमीश त्रिपाठी यांची २०१० मध्ये सुरू झालेली ‘मेलुहा’ची मालिका मराठीत आली आणि कॉलेजच्या मुलांनी ती वाचली. २००९ मध्ये ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ या चित्रपटात महाराज आजच्या मुंबईत अवतरले, तेव्हा प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. भूतकाळाची वर्तमानाशी गाठ घालून दिलेली मराठी माणसाला आवडते. मग चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकासाठी, त्याच्या वयाचा नायक किंवा नायिका असलेलं, दोनशे पानांचं, शेवटी खऱ्या-खोट्याची स्वच्छ नोंद दिलेलं मराठी पुस्तक दुकानात सहज का मिळू नये? दिवाळी अंकांच्या कुमार विभागांनी एकेक दीर्घकथा मागवली तरी सुरुवात होईल.

प्रकाशकांची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. खानदेशातल्या पुष्कळ शाळांत आजही वर्षाकाठी एक हस्तलिखित निघतं, आणि त्यात त्याच त्या विषयांवरचे निबंध असतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शाळांनी येत्या वर्षाचं हस्तलिखित ‘असं झालं असतं तर’ या एकाच विषयाला द्यावं. इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन राजवाडे संशोधन मंडळात, लळिंगच्या आणि थाळनेरच्या किल्ल्यावर, पाटण्याच्या शिलालेखापाशी जावं. प्रत्येकाने एक खरी घटना निवडावी, तिच्यातली एकच गोष्ट बदलावी, आणि गोष्टीखाली खरं काय घडलं ते दहा ओळींत लिहावं. भाषेच्या शिक्षकांनी अहिराणीत लिहिणाऱ्याला अडवू नये. त्या गोष्टींतल्या चांगल्या निवडून छापण्याचं काम मग जिल्ह्यातल्या वाचनालयांनी अंगावर घ्यावं.